सुई, लेखणी आणि चौथे आसमान : हजरत इद्रीस यांचे इस्लामी परंपरेतील स्थान

काजबटण (धागाकर्ता)

वडिलांचा एक जुना लोकरी कोट माझ्याकडे आहे. यंदा त्याचे अस्तर पार विरले, म्हणून तो घेऊन मी डोंगरीतल्या एका शिंप्याकडे गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, त्यात दोन मशिने, एक इस्त्रीचे टेबल आणि चिंध्यांचे गाठोडे. मुलगा मशीनवर बसला होता आणि सत्तरी ओलांडलेले मास्टरजी एका शेरवानीची काजे हाताने करत होते. मधल्या बोटात पितळी अंगुस्तान, मांडीवर कापड, आणि सुई कापडात शिरली की प्रत्येक वेळी ओठांची किंचित हालचाल. टाके मोजत असावेत असे मला वाटले. तसे विचारल्यावर त्यांनी मान वर न करताच सांगितले, ‘गिनती नहीं, तस्बीह है. ये काम हमारे पैगंबर का है.’ तस्बीह म्हणजे अल्लाहचे नामस्मरण. बाहेर पडताना पाटीकडे पाहिले, तर तिच्यावर आडनाव होते इद्रीसी.

उत्तर भारतातून मुंबईत आलेल्या मुस्लिम दर्जी कुटुंबांमध्ये हे आडनाव सर्रास आढळते, आणि ते ज्यांच्या नावावरून आले त्या हजरत इद्रीस यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. (बाराव्या शतकात सिसिलीच्या राजा रॉजरसाठी जगाचा नकाशा करणारा भूगोलकार अल्-इद्रीसी याचा या दर्जी आडनावाशी संबंध नाही. त्याचे नाव मोरोक्कोच्या इद्रीसी राजघराण्यावरून आले आहे.) गेले काही महिने जमेल तसे वाचून जे हाती लागले ते येथे मांडतो. जाणकारांनी दुरुस्ती करावी, ही विनंती.

पहिली गोष्ट ही की कुरआनात इद्रीस यांचा उल्लेख फक्त दोन ठिकाणी आहे आणि तो चार आयतींत (वचनांत) संपतो. एकोणिसाव्या सूरेत (अध्यायात), म्हणजे सूरह मरयममध्ये (आयत 56 व 57) त्यांना ‘सिद्दीक’ (परम सत्यनिष्ठ) आणि ‘नबी’ (पैगंबर) म्हटले आहे आणि ‘आम्ही त्यांना उच्च स्थानी उचलले’ असे सांगितले आहे. एकविसाव्या सूरेत, सूरह अंबियामध्ये (85 व 86) इस्माईल आणि जुल्-किफ्ल यांच्या जोडीने त्यांची गणना सब्र (धीर) करणाऱ्यांत केली आहे. बस्स, इतकेच. नूह (बायबलमधील नोहा) यांना कौम (लोकसमाज) आहे, नौका आहे, बुडणारा मुलगा आहे. हूद यांच्यासमोर आद ही जमात आहे, सालेह यांच्यासमोर समूद ही जमात आणि ती सांडणी आहे. इद्रीस यांच्या वाट्याला कुरआनात ना विरोधक आले, ना चमत्कार, ना एखादा संवाद. कुरआनात नावाने येणाऱ्या पंचवीस पैगंबरांपैकी इतक्या कमी शब्दांत आटोपलेले थोडेच असतील.

आणि तरीही ज्यांच्याविषयी ग्रंथ इतका अबोल आहे त्यांच्याच नावावर परंपरेने माणसाच्या हातातली जवळजवळ सगळी मूलभूत कसबे जमा केली आहेत. लेखणीने लिहिणारे पहिले तेच, कापड बेतून शिवणारे आणि शिवलेले अंगावर घालणारे पहिले तेच, त्याआधी माणसे कातडी पांघरत. ताऱ्यांचा आणि गणिताचा विचार प्रथम त्यांनीच केला. सालबी यांच्यासारख्या पैगंबरकथाकारांच्या लेखनात ही यादी ठरल्यासारखी येते. आठव्या शतकातील चरित्रकार इब्न इसहाक यांनी वंशावळ देताना बायबलमधील हनोख, अरबीत अख्नूख, हेच इद्रीस होत असे ‘लोक मानतात’ म्हणून नोंदवले आहे आणि आदमच्या संततीत नबुव्वत (पैगंबरी) व लेखणी प्रथम त्यांनाच मिळाली असे म्हटले आहे. हा ‘लोक मानतात’चा पदर मला महत्त्वाचा वाटतो, कारण जुने लेखक आपण काय जाणतो आणि काय ऐकतो यांतील भेद राखून लिहीत, आणि आपल्याकडे तो भेद सांगताना बहुधा गळून पडतो.

मास्टरजींच्या ओठांचे उत्तर मला इब्न कसीर यांच्या तफसीरमध्ये (कुरआनभाष्यात) सापडले. दमास्कसला 1373 मध्ये वारलेल्या या भाष्यकारांनी सूरह मरयमच्या त्याच आयतींखाली मुहंमद पैगंबरांचे चुलत बंधू इब्न अब्बास यांच्या नावाने आलेली एक रिवायत (परंपरेने आलेले कथन) दिली आहे. तिच्यात इद्रीस हे शिंपी होते, सुई टोचताना ते दर वेळी ‘सुब्हानल्लाह’ म्हणत, आणि म्हणून संध्याकाळ होई तेव्हा पृथ्वीवर त्यांच्याहून सरस कर्म असलेला कोणी नसे, असे सांगितले आहे. रिवायत दोन ओळींची आहे. तिच्यातील ‘संध्याकाळ’ या शब्दापाशी मी बराच रेंगाळलो. दिवसभराच्या कामाचा हिशेब संध्याकाळी होतो, तसा तो येथे होतो आहे, आणि हिशेबाचे माप टाका हे आहे.

आपल्याकडे नामदेवांनी मनाला गज आणि जिभेला कातर केले, सुईदोऱ्यात हरी ओवला, हे शिखांच्या गुरुग्रंथातील त्यांच्या पदामुळे पंजाबपर्यंत ठाऊक आहे. मी हे साम्य म्हणून सांगतो, उसनवारी म्हणून सांगत नाही. फरकही स्पष्ट आहे : नामदेवांच्या पदात शिवणकाम हे रूपक होते, इद्रीस यांच्या रिवायतीत ते शिवणकामच राहते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की इद्रीस यांची भूमिका उपदेशकाची कमी आणि आरंभकर्त्याची अधिक आहे. नूह यांच्यानंतरचे बहुतेक पैगंबर बिघडलेले सावरायला येतात. इद्रीस हे, निदान कारागिरांच्या स्मृतीत, काहीतरी सुरू करून द्यायला येतात. हे मत कोणाला पटते का, आणि ग्रंथांच्या आधारे टिकते का, हे जाणून घ्यायचे आहे.

माहीमकर

धागा वाचून समाधान वाटले. मी कोकणी मुसलमान आहे, आमच्या घरी शिवणकाम कोणी केले नाही, पण ‘हजरत इद्रीस अलैहिस्सलाम दर्जी, हजरत दाऊद लोहार, हजरत नूह सुतार’ ही यादी आजीच्या तोंडून लहानपणीच ऐकली होती. ती केवळ आजीची नव्हे. ऑटोमन तुर्कस्तानातील कारागीर-संघांपासून हिंदुस्थानातील वस्त्यांपर्यंत प्रत्येक कसबाचा एक पीर मानण्याची रीत होती, आणि कसब सुरू करण्यापूर्वी त्या पीराचे नाव घेण्याची शिकवण ‘कसबनामा’ नावाच्या छोट्या पुस्तिकांतून दिली जाई. विणकर आदमचे पुत्र हजरत शीस (बायबलमधील शेथ) यांना मानत, शिंपी हजरत इद्रीस यांना. त्यामुळे आडनावाकडे नुसती जातीची खूण म्हणून पाहू नये. ज्याला समाजाने ‘हातावर पोट असणारा’ म्हणून खालच्या पायरीवर बसवले त्याने आपल्या कामाची सनद थेट एका पैगंबराकडून आणली आहे, असा त्याचा अर्थ आहे.

मात्र एक गोष्ट नम्रपणे सुचवतो. इब्न कसीर यांचा दाखला देताना त्यांचा काटेकोरपणाही सांगायला हवा होता. त्याच आयतींखाली त्यांनी काअब अल्-अहबार यांची प्रसिद्ध कथा दिली आहे. इद्रीस यांचा एक फरिश्ता मित्र त्यांना पंखांवर घेऊन वर निघतो. चौथ्या आसमानात त्याला मलकुल्-मौत, म्हणजे मृत्यूचा फरिश्ता, भेटतो आणि म्हणतो, नवलच आहे, इद्रीसचा जीव चौथ्या आसमानात घ्यावा असा मला हुकूम झाला आहे आणि तो तर जमिनीवर आहे, हे कसे जमायचे याचाच मी विचार करत होतो. फरिश्ता म्हणतो, तो हा माझ्या पंखांमध्ये आहे. कथा म्हणून ही अंगावर काटा आणणारी आहे, आणि ती देऊन झाल्यावर इब्न कसीर शांतपणे लिहितात की ही काअब यांच्या इस्राईलियातपैकी (यहुदी परंपरेतून आलेल्या कथांपैकी) आहे आणि तिच्यातील काही भाग स्वीकारण्याजोगा नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या वाअजमध्ये (प्रवचनात) कथा येते, शेरा येत नाही.

धागाकर्त्याला मुंबईचाच एक दुवा द्यावासा वाटतो. इब्न कसीर वारले त्याच्या आदल्या वर्षी, 1372 मध्ये, माहीमला मखदूम अली माहिमी यांचा जन्म झाला. लोक त्यांच्या दर्ग्याला जातात, डिसेंबरातल्या उरुसाला मुंबई पोलिसांच्या मानाची चादरही चढते, पण ते कुरआनाचे भाष्यकार होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रत्येक सूरेच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरेच्या आशयाला धरून नव्याने लावणे ही त्यांच्या तफसीरची खासियत मानली जाते. शिवाय त्यांनी सूफी विचारवंत इब्न अरबी यांच्या ‘फुसूसुल्-हिकम’वर भाष्य लिहिले. त्या ग्रंथाची सत्तावीस प्रकरणे एकेका पैगंबराच्या नावाची आहेत आणि त्यांतले चौथे हजरत इद्रीस यांचे आहे. तेव्हा चौदाव्या-पंधराव्या शतकात या बेटांवर बसून एक माणूस ‘उच्च स्थान’ म्हणजे काय या प्रश्नाशी झुंजत होता.

इब्न अरबी यांचे म्हणणे असे की उच्चता दोन प्रकारची असते, एक जागेची आणि एक दर्जाची. इद्रीस यांना मिळाली ती जागेची उच्चता. जुन्या खगोलात चौथे आसमान सूर्याचे. ते सर्वांत वर नाही, पण त्याच्या खाली सात आणि वर सात मंडले धरली की ते बरोबर मध्यावर येते, आणि सगळी मंडले त्याच्याभोवती फिरतात. ‘उच्च’ याचा अर्थ ‘मध्यवर्ती’ असा लावणे मला आजही थक्क करते.

शंकासुर

लेख आणि प्रतिसाद दोन्ही अभ्यासपूर्ण आहेत, परंतु एक मूलभूत अडचण दोघांनीही टाळलेली दिसते. शफाअतच्या (शिफारशीच्या) हदीसमध्ये, म्हणजे मुहंमद पैगंबरांच्या परंपरेने आलेल्या वचनात, कयामतच्या दिवशी लोक नूह यांच्याकडे जातात तेव्हा ‘पृथ्वीवरील लोकांकडे पाठवलेले आपण पहिले रसूल’ असे त्यांना संबोधतात. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नूह जर पहिले, तर त्यांच्या पणजोबांना पैगंबर कसे म्हणता येईल? आणि मग ‘आरंभकर्ता’ ही सगळी इमारत कशावर उभी आहे? की अख्नूखशी घातलेली सांगडच चुकीची आहे?

काजबटण

शंका रास्त आहे आणि जुनीही आहे. तिची दोन उत्तरे परंपरेतच दिली गेली आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे आधीच मान्य करतो.

पहिले उत्तर नबी आणि रसूल यांतील भेदावर उभे आहे. नबी म्हणजे ज्याला ईश्वराकडून वह्य (ईश्वरी संदेश) येते तो. रसूल म्हणजे जो संदेश घेऊन इन्कार करणाऱ्या कौमेकडे पाठवला जातो तो. आदम, शीस आणि इद्रीस यांच्या काळी लोक एकाच श्रद्धेवर होते, मूर्तिपूजा नूह यांच्या कौमेत सुरू झाली, म्हणून ‘पाठवलेले पहिले’ नूह. इद्रीस नबी होते, आणि आयतीत त्यांच्यासाठी शब्दही ‘नबी’ हाच आहे. हे उत्तर मला पटते, कारण ते माझ्या मूळ म्हणण्याला धरून आहे : ज्याला विरोधकांशी झगडायचे नाही, त्याच्या हातून लेखणी आणि सुई घडू शकते. अर्थात पटते म्हणून ते सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे.

दुसरे उत्तर सरळ आहे. इद्रीस हे नूह यांचे पूर्वज नव्हतेच. मेराजच्या (आसमानांच्या प्रवासाच्या) हदीसमध्ये मुहंमद पैगंबर एकेका आसमानात एकेका पैगंबराला भेटतात. पहिल्यात आदम, दुसऱ्यात ईसा (येशू) आणि यह्या, तिसऱ्यात यूसुफ, चौथ्यात इद्रीस, पाचव्यात हारून, सहाव्यात मूसा आणि सातव्यात इब्राहीम. आदम आणि इब्राहीम त्यांचे स्वागत ‘नेक पुत्र’ म्हणून करतात, कारण ते वंशाने पूर्वज आहेत. इद्रीस मात्र ‘नेक बंधू’ म्हणतात. यावरून काही विद्वानांनी असा निष्कर्ष काढला की इद्रीस थेट वंशावळीत बसत नाहीत. इतरांनी उत्तर दिले की विनयाने मोठा माणूसही धाकट्याला भाऊ म्हणतो. आपल्याकडे आजोबा नातवाला ‘काय रे भाऊ’ म्हणतात, त्यावरून कोणी वंशावळ बदलत नाही. पण पुरावा म्हणून ते पुरेसे नाही हेही खरे.

माझा कल पहिल्या बाजूकडे राहतो तो सूरह मरयमच्याच 58 व्या आयतीमुळे. इद्रीस यांचा उल्लेख संपताच ती आयत म्हणते की हे पैगंबर आदमच्या संततीतील, नूहसोबत ज्यांना आम्ही नौकेत वाहून नेले त्यांच्यातील, आणि इब्राहीम व इस्राईल यांच्या संततीतील आहेत. तबरी यांच्यासारखे भाष्यकार या तीन-चार गटांची वाटणी करताना ‘आदमच्या संततीतील’ हा पहिला गट इद्रीस यांच्यासाठी राखतात, कारण बाकी सारे नौकेनंतरचे आहेत. नौकेआधीचा एक माणूस या यादीत हवा होता, आणि तो हाच.

व्याकरणी

नावाच्या व्युत्पत्तीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालतो. अरबीत ‘दर्स’ म्हणजे पाठ, अध्ययन. मदरसा, मुदर्रिस हे शब्द त्याच धातूचे आहेत. इद्रीस हे नावही त्यातूनच आले, कारण ते ईश्वरी ग्रंथांचा फार अभ्यास करत, असे शाळेतल्या उस्तादांपासून सगळे सांगतात. ही व्युत्पत्ती इतकी गोड आहे की ती खोटी असावी अशी शंका बाराव्या शतकातील थोर वैयाकरण भाष्यकार जमख्शरी यांना आलीच. त्यांचा मुद्दा निव्वळ व्याकरणाचा आहे. इद्रीस हे नाव अरबीत पूर्ण विभक्ती घेत नाही, त्याला तन्वीन (शब्दाच्या शेवटी येणारा ‘न’कार) लागत नाही. ते अस्सल अरबी धातूचे असते तर केवळ विशेषनाम असण्याने ही बंदी आली नसती. त्याअर्थी नाव परके आहे. इब्राहीम, इस्माईल, याकूब यांचे वागणे असेच आहे. जमख्शरी यांनी मग एक पळवाट ठेवली आहे : मूळ परभाषेत त्या शब्दाचा अर्थ अध्ययनाच्या जवळपासचा असेल आणि ऐकणाऱ्याने तो अरबी धातूशी जोडला असेल. ते परके मूळ कोणते, यावर युरोपीय पंडितांनी एज्रापासून आंद्रेआसपर्यंत नावे सुचवली. माझ्या मते एकही सुचवणी गळी उतरत नाही.

दुसरे, ‘उचलले’ या क्रियापदाविषयी. ‘रफअ’ हा धातू कुरआनात ईसा यांच्यासाठी येतो (4:158) तेथे बहुसंख्य मुसलमान देहासह उचलणे असाच अर्थ घेतात. तोच धातू ‘आम्ही तुमचे नाव उंचावले’ (94:4) या ठिकाणी मुहंमद पैगंबरांसाठी येतो आणि तेथे अर्थ कीर्तीचा आहे. म्हणून इद्रीस यांच्या बाबतीत दोन तट पडले. मुजाहिद म्हणतात की ते ईसांप्रमाणे मरण न येता उचलले गेले. हसन बसरी जन्नत म्हणतात. उच्च स्थान म्हणजे नबुव्वतीचा मान, असे म्हणणारेही आहेत. आयतीत ‘मकान’ हा जागावाचक शब्द असल्यामुळे पहिल्या तटाचे पारडे किंचित जड होते, एवढेच व्याकरण सांगू शकते.

आपल्याला या वादाची चव नवी नाही. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले या वाक्यातील ‘सदेह’ शब्दावर देहूपासून दादरपर्यंत जितकी शाई खर्च झाली आहे, तितकीच बगदाद आणि दमास्कसमध्ये ‘मकान’वर झाली, असे समजावे.

हिशेबी

बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील वये घेऊन बेरीज करून पाहिली. आदमपासून शेथ 130 व्या वर्षी, मग अनुक्रमे 105, 90, 70, 65 आणि 162 वर्षांनी पुढची पिढी. म्हणजे हनोखचा जन्म आदमपासून 622 व्या वर्षी. आदमचे आयुष्य 930. वजा केले की 308 उरतात. इब्न कसीर यांनी इद्रीस यांना आदमच्या हयातीतील 308 वर्षे लाभली असे लिहिले आहे, तो आकडा येथून जुळतो. हनोख पृथ्वीवर 365 वर्षे होता, म्हणजे 987 पर्यंत. नोहाचा जन्म 1056 चा. पणजोबा-पणतूची भेट 69 वर्षांनी हुकली. 622 हे इसवी सनात हिजरतचे वर्ष आहे हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर कृपया कोणी वेगळा धागा काढू नये.

नवगावकर

मी बेने इस्राईल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, आहे. आमचे पूर्वज ज्या किनाऱ्याला लागले असे आम्ही मानतो, त्या गावाचे नाव येथे घेतले आहे. धागा वाचताना सारखे वाटत होते की आमच्याच घरातली एक वस्तू शेजाऱ्याच्या फडताळात नीट पुसून ठेवलेली दिसते आहे.

आमच्या तोरा या धर्मग्रंथामध्ये हनोखला जवळजवळ एकच वाक्य मिळाले आहे : तो देवाबरोबर चालला आणि मग तो नव्हता, कारण देवाने त्याला नेले. म्हणजे कुरआनाइतकाच आमचा ग्रंथही त्याच्याबाबतीत अबोल आहे. त्या मौनातून दोन हजार वर्षांपूर्वी हनोखच्या नावाचे एक मोठे पुस्तक तयार झाले. ते पूर्ण रूपात फक्त इथिओपियाच्या गीझ भाषेत टिकले, तेथील ऑर्थोडॉक्स चर्च ते पवित्र ग्रंथांत धरते. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस याने 1773 मध्ये त्याच्या प्रती युरोपात आणल्या आणि पुढे मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी तुकडे सापडले. त्या पुस्तकात हनोखला ‘धार्मिकतेचा लेखक’ म्हटले आहे, आणि ताऱ्यांच्या व पंचांगाच्या गणितावर तर एक संपूर्ण भाग आहे. तेव्हा लेखणी आणि तारे हे इद्रीस यांच्याकडे कोणत्या वाटेने आले असावेत, याचा अंदाज बांधता येतो.

सुई मात्र त्या पुस्तकात नाही. पण कब्बाला या मध्ययुगीन यहुदी गूढवादी परंपरेत हनोख चप्पल शिवणारा होता आणि अरीने घातलेल्या प्रत्येक टाक्याला तो देवाच्या नावाला धन्य म्हणे, अशी एक आख्यायिका आहे. धाग्यातील रिवायत वाचून मी खुर्चीतून उठलो. कातड्याच्या जागी कापड आणि अरीच्या जागी सुई ठेवली की दोन्ही वाक्ये एक होतात. कोणी कोणाचे ऐकले हे ठरवण्याच्या फंदात मी पडणार नाही. कोकणात आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत, कारण आम्ही तेल गाळत असू आणि शनिवारी काम बंद ठेवत असू. घाणा चालवणाऱ्याला कसबाचा पूर्वज ग्रंथात सापडला तर काय वाटते, हे मला वेगळे सांगायला नको.

आणखी एक. हनोखप्रमाणेच न मरता वर गेलेला दुसरा आमचा नबी म्हणजे एलियाहू, तुमचे इलियास. मुंबईतल्या कुठल्याही बेने इस्राईल घरात नवस फेडायचा तर मलिदा होतो. पोहे, गूळ, ओले खोबरे, वर फळांचे काप, आणि एलियाहू हन्नाबीचे नाव. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाची खूण असलेला खडक आहे, तेथे आम्ही अजून जातो. इद्रीस आणि इलियास यांना एकच मानणारे कोणी आहे का?

माहीमकर

आहे, आणि ते कोणी ऐरेगैरे नाहीत. इमाम बुखारी यांनी आपल्या संग्रहात इलियास यांच्या प्रकरणी नोंद केली आहे की इब्न मसूद आणि इब्न अब्बास यांच्याकडून ‘इलियास हेच इद्रीस’ असे सांगितले जाते. इब्न अरबी यांच्या बाविसाव्या प्रकरणाची सुरुवातच तशी आहे : इलियास म्हणजे इद्रीसच, ते नूह यांच्याआधी नबी होते, ईश्वराने त्यांना वर उचलले आणि मग पुन्हा बालबेक गावाकडे पाठवले. बहुतेक उलमा दोघांना वेगळे मानतात, कारण कुरआनात दोघांची नावे वेगळी आली आहेत. लोकसमजुतीत तर चार जिवंत पैगंबरांत त्यांची वाटणीच झाली आहे : ईसा आणि इद्रीस आसमानात, खिज्र आणि इलियास जमिनीवर.

मलिद्याचे आमंत्रण गृहीत धरतो.

शंकासुर

नबी-रसूल हा भेद मान्य करतो, माझी शंका त्यापुरती मिटली. आता दुसरी. आंतरजालावर इद्रीस म्हणजेच हर्मीस (ग्रीक-इजिप्शियन परंपरेतला पौराणिक ज्ञानपुरुष), पिरॅमिड त्यांनीच बांधले, असे बरेच काही फिरते. ते अलीकडचे आहे का?

काजबटण

अलीकडचे नाही, पण ते दर्ज्यांचेही नाही. नवव्या शतकातील ज्योतिषी अबू मअशर बल्खी यांनी तीन हर्मीस कल्पिले. त्यांतला पहिला प्रलयापूर्वीचा, तोच अख्नूख, तोच इद्रीस. येणाऱ्या प्रलयात विद्या बुडून जातील या भीतीने त्याने इजिप्तमध्ये अखमीमच्या मंदिराच्या भिंतींवर शास्त्रे आणि हत्यारांची चित्रे कोरून ठेवली, असे ते सांगतात. बगदादच्या दरबारात ग्रीक आणि हर्रानी विद्या अरबीत उतरत होत्या, त्या काळी ‘हे ज्ञान परक्यांचे कसे’ असा आक्षेप घेणाऱ्याला उत्तर हवे होते. ज्ञानाचा मूळ पुरुष नबीच होता असे म्हटले की आक्षेप उरत नाही. त्यात हिकमत होती, आणि थोडी चलाखीही. पिरॅमिडही त्याच गोष्टीतले आहेत. सहीह मुस्लिममध्ये ‘एक नबी रेषा ओढत असत’ असा उल्लेख आहे, तो इद्रीस यांच्यावर बेतून रमलवाल्यांनी (रेषा-ठिपक्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांनी) आपल्या धंद्याला तेच नाव लावले. इद्रीस यांच्यावर तीस सहीफे (ईश्वरी पुस्तिका) उतरले असे सांगणारी रिवायत आहे, तिच्यात शीस यांचे पन्नास, इब्राहीम आणि मूसा यांचे दहा-दहा आणि चार मोठे ग्रंथ धरून एकशे चार अशी बेरीज येते, पण तिची सनद (कथन सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर मानली जाते.

या दाव्यांत मला एक गमतीचा फरक दिसतो. ज्योतिषी आणि रमलवाले इद्रीस यांच्याकडून अधिकार मागतात : आमचे ज्ञान खरे आहे असा दाखला द्या. शिंपी दाखला मागत नाही, तो टाका घालताना त्यांचे शब्द पुन्हा म्हणतो. कुरआनाने सांगितलेल्या ‘सब्र’ या गुणाशी सगळ्यांत जवळ जाणारे मला तेच वाटते. काज करताना कापडाची कड सुटू न देता सत्तर-ऐंशी टाके एकमेकांना चिकटून घालावे लागतात. घाईने घातलेला एक टाका सगळी ओळ वाकडी करतो.

नवगावकर

एक व्यावहारिक प्रश्न. मास्टरजींचा मुलगा मशीनवर बसतो असे आपण लिहिले आहे. मशीन मिनिटाला शेकड्यांनी टाके घालते. तेथे तस्बीह कशी होते?

काजबटण

हाच प्रश्न मी काल कोट आणायला गेलो तेव्हा विचारला. मास्टरजी हसले आणि मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, याला विचारा. मुलगा जरा संकोचला. म्हणाला की मशीनचे टाके मोटर घालते, त्यांचा हिशेब माझ्याकडे नाही. पण बॉबिन भरताना आणि सुईत दोरा ओवताना म्हणतो, तेवढे हातानेच करावे लागते. मग दिव्याखाली कोट उलटा करून त्याने अस्तर दाखवले. मानेपाशी, जेथे मशीनचा पाय पोहोचत नाही, तेथे चार बोटे लांबीची हातशिलाई होती. ती कोणी केली हे मी विचारले नाही.